कोल्हापूरच्या थंडीत अभ्यंग, वाफारा आणि स्पा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन दिवसांसाठी कोल्हापूरला येणारी मंडळी जे प्रश्न सारखे पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांनी आहे, आजार-औषधांचे प्रश्न पुढे आहेत. काही दुखणं असेल, गोळ्या चालू असतील, तर आधी प्रश्न १६ ते १९ वाचा आणि मगच वेळ घ्या.

१. कोल्हापुरात एवढी थंडी असते का, की त्यासाठी मुद्दाम मालीश-वाफेचा बेत करावा?

पहाटे पारा साधारण १४-१५ अंशांवर असतो, थंडीची लाट आली की त्याहून खाली जातो. रंकाळ्यावर आणि पंचगंगेच्या घाटावर पाण्यावरून येणारा वारा अंगाला झोंबतो. दुपारी मात्र २८-३० अंश होतात आणि स्वेटर हातात येतो. थंडी पहाटेची आणि रात्रीची. मधला दिवस उबदार. या चढउतारानं आणि कोरड्या हवेनं त्वचा फुटते, सांधे आखडतात, प्रवासानं पाठ धरलेली असतेच. त्यावर तेल आणि शेक यांचा उपयोग नक्की होतो. पण इथली थंडी दिवसभर सारखी नसल्यामुळे उपचार कोणता घ्यावा याच्याइतकंच तो कधी घ्यावा, याला महत्त्व आहे.

२. मग दिवसातली कोणती वेळ घ्यावी?

दोन वेळा चांगल्या. पहिली सकाळी साडेसात ते नऊ, रिकाम्या पोटी. दुसरी दुपारी साडेतीन-चारला सुरू होऊन सहाच्या आत आटोपणारी. सहलीला आलेल्यांना दुसरी जास्त सोयीची. दुपारचं जेवण जिरलेलं असतं, खोली थंड नसते, आणि सूर्य मावळायच्या आत केस कोरडे करून तुम्ही बाहेर पडता.

भर दुपारी सौना घेण्यात राम नाही. बाहेर ऊन असताना आतली ऊब जाणवत नाही, घाम मात्र दुप्पट जातो. रात्री आठनंतर वाफ घेऊन लगेच बाहेर पडणं ही सगळ्यात वाईट निवड. घामेजलेलं अंग, ओले केस आणि वरून बोचरा वारा, की दुसऱ्या दिवशी डोकं जड झालंच. रात्रीचीच वेळ मिळत असेल तर वाफ वगळून नुसतं पायांचं मालीश घ्या.

३. हॉटेलातला स्पा, आयुर्वेदिक पंचकर्म केंद्र आणि सलून, यांत नेमका फरक काय?

मोठ्या हॉटेलांतल्या स्पामध्ये स्वीडिश, डीप टिश्यू (खोल, जोराच्या दाबाचं), बालीनीज, गरम दगडांचं मालीश असे प्रकार मिळतात. वाफेची खोली किंवा सौना (कोरड्या उष्णतेची खोली) बहुधा तिथेच असतो. उद्देश विश्रांतीचा असतो. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरी या भागांत शोधायला सुरुवात करा.

पंचकर्म केंद्रात आधी वैद्य तपासतात आणि प्रकृती पाहून तेल ठरवतात. अभ्यंग (सर्वांगाला कोमट तेलाचं मालीश), पेटीतला वाफारा (डोकं बाहेर ठेवून पेटीत बसून घ्यायची वाफ), पोटली, शिरोधारा, कटिबस्ती हे तिथले उपचार; शेवटचे तीन प्रश्न ८ आणि ९ मध्ये समजावले आहेत. खोली साधी असते, मालीशसाठी झोपायची लाकडी द्रोणी असते, सुगंधी मेणबत्त्या नसतात. गुडघा, कंबर, मान असं विशिष्ट दुखणं असेल तर इथेच जावं.

सलूनमध्ये डोक्याची चंपी आणि खांदे-पाठ मोकळी करून मिळते. वीस मिनिटांचं काम. ते चांगलंच असतं, एका गोष्टीचा अपवाद सोडून. ती प्रश्न १५ मध्ये आहे.

४. आयुष्यात कधीच मालीश करून घेतलेलं नाही. पहिल्यांदा काय घ्यावं?

४५ ते ६० मिनिटांचा अभ्यंग आणि त्यानंतर पाच-सात मिनिटांचा पेटीतला वाफारा. डीप टिश्यू पहिल्या खेपेला घेऊ नका. तो दाब सवय नसलेल्या अंगाला सोसत नाही आणि सहलीचा दुसरा दिवस अंग धरून बसण्यात जातो.

अभ्यंग असा चालतो. कोमट तेल आधी टाळू, कान आणि तळपायांना लावतात. मग हातापायांवर लांब, सरळ हात फिरवतात आणि सांध्यांवर गोल. पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, अगदी हलका हात. पूर्ण अंगाला ५० ते १०० मिली तेल लागतं. कोरड्या त्वचेला जास्त. काही ठिकाणी दोघे मिळून दोन्ही बाजूंना एकाच लयीत मालीश करतात. ते मिळालं तर जरूर घ्या, कारण एक बाजू उघडी पडून गार होत नाही.

दाब कमी-जास्त करायला सांगण्यात संकोच नको. दुखतंय पण बरं वाटतंय, इथपर्यंत ठीक. श्वास रोखला जातोय किंवा अंग आपोआप आक्रसतंय, तर दाब जास्त आहे. तेल गार वाटलं तरी लगेच सांगा. तेलाची बाटली गरम पाण्यात ठेवायला पाच मिनिटं लागतात, पण गार तेलानं एकदा अंग शहारलं की ते लवकर सैल पडत नाही.

५. आधी तेल की आधी वाफ? प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगतात.

आयुर्वेदाचा क्रम ठरलेला आहे: आधी स्नेहन म्हणजे तेल, मग स्वेदन म्हणजे घाम काढणारा शेक. तेलानं त्वचा मऊ झाली की वाफ कोरडेपणा आणत नाही. शेवटी कोमट पाण्यानं अंघोळ.

हॉटेलच्या स्पात बरेचदा उलटं असतं: आधी वाफ किंवा सौना, मग मालीश. त्यात स्नायू आधीच सैल होतात आणि मालीश करणाऱ्याला जोर कमी लागतो. हेही चालतं, मात्र मध्ये अंग पुसून दहा मिनिटं बसा आणि पाणी प्या. घाम वाहत असताना तेल नीट लागत नाही, हात नुसता घसरतो.

हिवाळ्यात आमचा कल पहिल्या क्रमाकडे आहे, कारण त्यात शेवट उबेवर होतो. मालीशच्या आधीही वाफ आणि नंतरही वाफ, असं मात्र करू नका. चक्कर येण्याचं ते नेहमीचं कारण. स्क्रब किंवा उटणं हवं असेल तर ते वाफेनंतर, हलक्या हातानं.

६. वाफेची खोली, पेटी, सौना, जकुझी: कशात किती वेळ बसायचं?

वाफेच्या खोलीत तापमान साधारण ४०-४५ अंश असतं, पण हवा पूर्ण दमट असते. घाम वाळत नाही, म्हणून अंग लवकर तापतं. ५ ते १० मिनिटं पुरे.

पेटीत डोकं बाहेर राहतं. डोक्यावर गार पाण्यात पिळलेला कपडा ठेवतात. निर्गुडीची किंवा एरंडाची पानं टाकून उकळलेल्या पाण्याची वाफ असेल तर सांध्यांना आराम पडतो. कपाळ आणि वरचा ओठ घामानं ओला झाला की थांबायचं, मग घड्याळात चारच मिनिटं झालेली असोत. वाफेची नळी पिंढरीच्या थेट समोर तर नाही ना, हे आत बसण्याआधी बघा. पेटीत भाजण्याचे प्रकार तिथेच होतात. बसल्यावर चटका जाणवला तर तत्काळ सांगा, सहन करू नका.

सौना कोरडा, ७० ते ९० अंश. पहिल्यांदा खालच्या फळीवर बसा. वरची फळी बरीच जास्त तापलेली असते. ८-१० मिनिटांनी बाहेर या. हवं तर दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतर आणखी एकदा.

जकुझीचं पाणी ४० अंशांपेक्षा जास्त नसावं, १५ मिनिटांवर बसू नये. पाणी गढूळ असेल किंवा कडेला चिकट थर असेल तर पाय घालू नका.

या सगळ्यांतून उठताना आधी दोन मिनिटं पाय खाली सोडून बसा, मग उभे राहा. उष्णतेनं रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, आणि झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

७. हिवाळ्यात तेल कोणतं मागावं?

तीळतेल. ते उष्ण मानलं जातं, त्वचेत मुरतं आणि बहुतेकांना मानवतं. आखडलेल्या सांध्यांसाठी महानारायण तेल, थकव्यासाठी बला तेल. दोन्हींचा आधार बहुधा तिळाचाच. खोबरेल थंड मानलं जातं आणि साधारण २४ अंशांखाली गोठतं. पहाटे बाटलीत ते दगडासारखं घट्ट होऊन बसतं. केसांना चालेल, अंगासाठी हा त्याचा ऋतू नव्हे. मोहरीचं तेल झोंबतं. नाजूक त्वचेला लाल करतं.

तीळ, शेंगदाणे किंवा बदाम यांची ॲलर्जी असेल तर ती वेळ घेतानाच सांगा. औषधी तेलात मूळ तेल कोणतं, हे बाटलीवर लिहिलेलं असतं. शंका असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून अर्धा तास थांबा. खाज किंवा लाली आली तर तेल बदला.

८. गरम दगडांचं मालीश आणि पोटली, यांत जास्त ऊब कशात?

पोटलीत. दगड नुसता फिरत ऊब देतो, पोटली ती ऊब चोळून आत घालते.

दगड काळा बेसाल्ट असतो, आपल्या सह्याद्रीचाच खडक. तो दाट असल्यानं उष्णता धरून ठेवतो. ५०-५५ अंशांच्या पाण्यात तापवून, पुसून, तेल लावून फिरवतात. उघड्या त्वचेवर दगड नुसता ठेवून सोडायचा नसतो, खाली कपडा हवा. दगड एका जागी राहिला की भाजतं. नदीकाठचे गोटे उचलून घरी हा प्रयोग करू नका. ओलसर गोटा तापवताना फुटू शकतो.

पोटली म्हणजे निर्गुडी, एरंड, रुई यांची पानं, लिंबू, ओलं खोबरं असं तेलावर परतून बांधलेली पुरचुंडी. दोन पुरचुंड्या लागतात. एक अंगावर, दुसरी तव्यावर, आणि दर दोन-तीन मिनिटांनी अदलाबदल. प्रत्येक वेळी मालीश करणाऱ्यानं ती आधी स्वतःच्या हाताच्या मागच्या बाजूला टेकवून पाहायला हवी. हे होताना दिसलं नाही, तर थांबवून विचारा. साठेसाळीचा (साठ दिवसांत पिकणाऱ्या तांदळाचा) भात दुधात आणि बला या वनस्पतीच्या काढ्यात शिजवून केलेली पोटली वेगळी. ती पोषणासाठी असते, अंग चिकट होतं, आणि दुखऱ्या सांध्याला पानांचीच बरी.

९. शिरोधारा आणि कटिबस्ती सहलीत घेण्यासारखी आहे का?

कटिबस्ती हो, शिरोधारा वेळ असेल तर.

कटिबस्तीत उडदाच्या पिठाच्या कणकेचं आळं कमरेवर बांधतात आणि त्यात कोमट औषधी तेल भरतात. गार झालेलं तेल काढून पुन्हा गरम घालतात. अर्धा तास पालथं पडून राहायचं. रात्रभर गाडीत बसून आलेल्या कमरेला यानं चांगला आराम मिळतो. आळं नीट बसलं नाही तर तेल कुशीवरून ओघळतं. त्यासाठी पीठ घट्ट मळलेलं हवं.

शिरोधारेत दीड-दोन लिटर कोमट तेल कपाळावर बारीक धारेनं अर्धा-पाऊण तास सोडतात. त्यानंतर सुस्ती येते, गाडी चालवायची नसते आणि केस धुवायचं मोठं काम असतं. संध्याकाळी पुढं काही ठरलेलं नसेल त्याच दिवशी घ्या.

१०. आधी आणि नंतर काय खावं? कोल्हापूरला येऊन तांबडा-पांढरा सोडायचा का?

सोडायचा कशाला? वेळ बघायची. मटणाच्या ताटानंतर अडीच-तीन तास, मिसळीनंतर दोन तास मालीश नको. पालथं झोपल्यावर पोटावर दाब येतो आणि तिखट तर्री घशाशी येते. दारू घेतलेली असेल तर त्या दिवशी वाफ आणि सौना पूर्ण बंद.

आधी एक ग्लास पाणी. नंतर कोमट पाणी किंवा आलं-गुळाचं पाणी, थोडं-थोडं करून अर्धा लिटर. गुऱ्हाळांचा हंगाम असल्यानं गूळ ताजा मिळतो. तासाभरानं जेवायला हरकत नाही, आणि तेव्हा पांढरा रस्सा तर फारच छान लागतो. रात्री दूध कट्ट्यावर म्हशीचं दूध प्यायचं असेल आणि बाहेरच्या खाण्यानं पोट लगेच बिघडत असेल, तर उकळलेलंच मागा.

११. काय घालून जावं? दागिने काढावे लागतात का?

सगळे काढा, आणि शक्यतो मुक्कामीच ठेवून या. कोल्हापुरी साजाबद्दल हे खास सांगायला हवं. त्याच्या सोन्याच्या पोकळ मण्यांत आणि पानांत लाख भरलेली असते. उष्णतेनं लाख मऊ पडते, पत्रा दबतो, आणि आकार बिघडतो. तेल दोऱ्यात मुरतं ते वेगळंच. साज, ठुशी, लाखेच्या बांगड्या यांना वाफ अजिबात दाखवू नका. सौनात तर साधी अंगठीही चटका देते.

कोल्हापुरी चपला त्या दिवशी नकोत. तेलकट तळवा आणि गुळगुळीत चामडं, त्यात खाली फरशी, की पाय सटकतोच. कातड्याला पाणी लागलं तर ते वेगळं नुकसान. रबरी स्लीपर घाला. कपडे जुने, सुती, सैल. बदलायला एक जोडी, कान झाकणारा रुमाल किंवा टोपी, आणि मोजे. मोजे लोक विसरतात आणि मग पाय गार पडतात. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्याही काढून ठेवा. वॅक्सिंग किंवा दाढी केल्यावर चोवीस तास तेल-वाफ टाळा, त्वचा चरचरते.

१२. अंगावरचं तेल लगेच काढायचं की ठेवायचं?

वाफ घेतली असेल तर अर्ध्या तासानं कोमट पाण्यानं अंघोळ. बेसन किंवा मसूरडाळीचं पीठ दुधात कालवून लावलं की तेल निघतं आणि त्वचा कोरडी पडत नाही. दिवाळीचं उरलेलं उटणंही चालतं. साबण फक्त काखा-जांघांना. कढत पाणी घेतलंत तर तेलाचा सगळा फायदा निघून जातो.

केसांना आधी कोरडी शिकेकाई चोळा, मग पाणी घाला. उलट केलं तर तेल पाण्यात पसरून केस चिकट राहतात. बहुतेक निवासांत सौर बंब असतात आणि संध्याकाळी त्यांचं पाणी कोमटच उरतं. म्हणून अंघोळ केंद्रातच करून निघणं सोयीचं. वेळ घेताना गरम पाण्याची सोय विचारून ठेवा.

१३. उपचारानंतर लगेच फिरायला निघालं तर चालेल?

नाही, आणि यावर आमचा आग्रह आहे. पुढचे दोन तास उपचाराइतकेच महत्त्वाचे. वाफेनंतर त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढलेला असतो, त्यामुळे अंगातली उष्णता भराभर बाहेर जाते. अशा वेळी दुचाकीवरून रंकाळ्याचा फेरा मारला तर वीस मिनिटांत हुडहुडी भरते. उघड्या रिक्षापेक्षा बंद गाडी बोलवा. कान झाका. खोलीवर जाऊन अर्धा तास पांघरूण घेऊन पडा, मग जेवायला निघा. पंखा, एसी, गार पाणी, आइस्क्रीम त्या संध्याकाळी नको. पन्हाळा उंचावर असल्यानं तिथली रात्र शहरापेक्षा गार असते. मुक्काम गडावर असेल तर उपचार सकाळचाच घ्या.

१४. तालमीतलं पैलवानी मालीश बाहेरच्यांना मिळतं का?

नाही. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशा तालमींत मालीश हा पैलवानांच्या मेहनतीचा भाग आहे. ते एकमेकांना करतात, आणि तो दाब जोर-बैठका मारून कमावलेल्या अंगासाठीच असतो. हौद्यातली (कुस्तीच्या आखाड्यातली) लाल माती, त्यात मुरलेलं ताक, तेल, हळद, लिंबू हे पाहायचं असेल तर पहाटे जा. वस्तादांची परवानगी घ्या, चपला बाहेर काढा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. हौद्यात पाय ठेवायचा नाही. पैलवान त्या मातीला नमस्कार करून उतरतात. पैलवानी मालीश देतो असं सांगून कुणी खोलीवर यायला तयार झालं, तर नाही म्हणा.

१५. सलूनमध्ये चंपीनंतर मान कडकन मोडतात. ते चांगलं असतं का?

ते करू देऊ नका. मानेला अचानक पीळ दिल्यानं मणक्यांलगतच्या रक्तवाहिनीला आतून चीर पडू शकते, आणि त्यातून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. खुर्चीत बसतानाच सांगा: “दादा, चंपी मस्त करा, पण मान मोडू नका.” कुणालाही राग येत नाही. नंतर मान दुखून चक्कर आली, बोलणं अडखळलं, एका बाजूला बधिरपणा आला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

१६. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर?

रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात असेल तर हलका अभ्यंग चालतो. सौना आणि जकुझी डॉक्टरांना विचारूनच. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेली असेल, छातीत दुखत असेल, पेसमेकर असेल, तर उष्णतेचे उपचार परवानगीशिवाय नकोत.

मधुमेहींनी दोन गोष्टी जपायच्या. तळपायांची संवेदना कमी झालेली असेल तर चटका कळत नाही, म्हणून पायांवर गरम दगड, पोटली, कढत पाणी नको. दुसरी, जिथे इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं आहे तिथे मालीश किंवा शेक दिला तर इन्सुलिन लवकर शोषलं जातं आणि साखर घसरते. ती जागा आधी दाखवा, जवळ साखर ठेवा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोराचा दाब नको, काळेनिळे डाग पडतात. वेदनाशामक किंवा हृदयासाठी औषधाची पट्टी अंगावर चिकटवलेली असेल तर वाफ नको. उष्णतेनं औषध जास्त वेगानं शरीरात जातं. एकाच पायाची पोटरी सुजलेली, दुखरी, गरम लागत असेल तर तिला हात लावू देऊ नका. आत रक्ताची गाठ असू शकते. थेट डॉक्टर गाठा. फुगलेल्या शिरांवरही मालीश नको.

१७. गरोदरपणात किंवा पाळीत चालतं का?

गरोदरपणात वाफ, सौना, जकुझी, कटिबस्ती, पोटली: काहीच नको. चौथ्या महिन्यापासून प्रसूतितज्ज्ञांच्या संमतीनं, कुशीवर झोपवून, प्रशिक्षित हाताचं हलकं मालीश चालतं.

पाळीत पोट-कंबर सोडून हलकं मालीश घ्यायला हरकत नाही. आयुर्वेदिक केंद्रं या दिवसांत बहुधा उपचार देत नाहीत, म्हणून तारीख आधी कळवा.

१८. आई-वडील सत्तरीचे आहेत आणि मुलगा सात वर्षांचा. सगळ्यांना एकदम घेऊन जाऊ का?

आई-वडिलांसाठी अर्ध्या तासाचा अभ्यंग आणि गुडघ्यांना पोटली एवढंच ठेवा. वाफ घ्यायचीच तर पेटीत, तीन-चार मिनिटं, कुणीतरी शेजारी उभं राहून. तेल लागलेल्या पायांनी न्हाणीघराकडे जाताना वयस्कर माणसं घसरतात. आधी तळवे पुसून घ्या, मगच उतरू द्या. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर जोर नको, हे स्पष्ट सांगा.

मुलाला सौना-वाफ नको, लहान अंग फार लवकर तापतं. त्याच्यासाठी खोलीवर तुम्हीच कोमट तीळतेलानं मालीश करा.

१९. सर्दी झाली आहे. वाफेनं बरं वाटेल ना?

नुसतं नाक चोंदलं असेल तर हो. ताप, कणकण, घसा सुजलेला असेल तर मालीश आणि वाफ दोन्ही पुढे ढकला, अंगातली उष्णता आणखी वाढवण्यात अर्थ नाही. दम्याच्या रुग्णांनी निलगिरी किंवा कापूर घातलेल्या वाफेच्या खोलीत जाऊ नये, उग्र वासानं श्वास लागू शकतो. नाकात तेल सोडण्याचं नस्य वैद्यांनी तपासल्यावरच. त्वचेवर गजकर्ण, फोड किंवा उघडी जखम असेल तरीही थांबा; तुमच्याइतकाच तो पुढच्या माणसाचा प्रश्न आहे.

२०. दोन दिवसांच्या मुक्कामात पंचकर्म होईल का?

होत नाही. अभ्यंग आणि वाफ ही पूर्वतयारी आहे. वमन (औषधानं उलटी), विरेचन (जुलाब), बस्ती (एनिमा) या मुख्य उपचारांना त्याआधीचे तयारीचे आणि नंतरचे पथ्याचे मिळून बरेच दिवस लागतात, आणि पथ्यात तांबडा रस्सा बसत नाही. दोन दिवसांत पूर्ण पंचकर्म करून देऊ म्हणणाऱ्या ठिकाणी जाऊ नका.

२१. केंद्र विश्वासाचं आहे, हे कसं ओळखावं? बाईमाणसानं एकटीनं जावं का?

आयुर्वेदिक केंद्रात वैद्यांचं महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचं नोंदणीपत्र भिंतीवर असतं. तपासणीशिवाय कुणी थेट टेबलावर झोपा म्हणत असेल तर परत फिरा. स्वच्छ चादर तुमच्यासमोर बदलली जाते का, पोटलीचा कपडा नवा आहे का, हे पाहा.

बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष, हा आपल्याकडच्या पंचकर्म केंद्रांचा रिवाज आहे. स्पामध्ये मात्र फोनवर विचारून घ्या आणि ऐनवेळी बदल झाला तर नकार द्या. खोलीला आतून कडी हवी, अंग झाकायला चादर हवी, मोबाइल कुणाचाच आत नको. एकट्या जाणाऱ्या बायकांनी दिवसाची वेळ घ्यावी, पत्ता घरच्यांना पाठवावा. नेटवर सापडलेल्या नंबरवर आगाऊ पैसे पाठवू नका. हॉटेलच्या किंवा केंद्राच्या टेबलावरच द्या. अडचण आली तर ११२ वर फोन करा.

२२. दर ठरवताना काय विचारावं?

“साठ मिनिटं” यात कपडे बदलणं, अंघोळ धरली आहे का. तेल आणि पोटली वेगळी आहे का. कर धरून किती. स्पा-सलूनवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. जुन्या दरपत्रकावर अजून १८ लिहिलेलं असेल तर दाखवून द्या. बक्षिसी द्यायची असेल तर ज्यानं मालीश केलं त्याच्या हातातच द्या.

२३. बाहेर जायला वेळच नाही. खोलीवर काही करता येईल का?

पाय शेकणं. जोतिबाच्या पायऱ्या चढून आल्यावर याइतकं सुख नाही. बादलीत पोटरीच्या निम्म्यापर्यंत ४०-४२ अंशांचं पाणी घ्या. कोपर बुडवून बघा, सुखद वाटलं पाहिजे; बोटांवर भरवसा ठेवू नका. मूठभर मीठ घाला, दहा-पंधरा मिनिटं पाय सोडून बसा, मध्ये एकदा गरम पाणी ओता. ओतताना पाय बाहेर काढा. बोटांच्या बेचक्या नीट पुसा.

मग दोन-तीन चमचे तीळतेल, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केलेलं. टाचेपासून बोटांकडे अंगठ्यानं रेघा ओढा, घोट्याभोवती गोल फिरवा. काशाची वाटी असेल तर तिच्या बुडानं तळवा दहा मिनिटं घासा. मोजे घाला आणि झोपा.

न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर खिडकी उघडी ठेवा. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि दर हिवाळ्यात त्यानं माणसं दगावतात. आधी पाणी काढून गीझर बंद करा, मग आत जा. डोकं दुखू लागलं किंवा मळमळलं तर त्याच क्षणी बाहेर या.

२४. कोल्हापुराजवळ गरम पाण्याचे झरे आहेत का?

शहरात नाहीत. घाट उतरून रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरजवळ उन्हाळे इथे गंधकाच्या वासाचा झरा आहे, तसेच आरवली आणि तुरळ इथेही. जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. वेगळी सहल करा, कोल्हापूरच्या दोन दिवसांत कोंबू नका.

२५. दर्शन, पन्हाळा आणि उपचार दोन दिवसांत कसे बसवावे?

पहिल्या दिवशी सकाळी उतरल्यावर अंघोळ, अंबाबाईचं दर्शन, दुपारी हलकं जेवण, चारला अभ्यंग आणि वाफारा, रात्री लवकर झोप. दर्शन आधी ठेवण्याचं कारण साधं आहे. तेलकट केसांनी रांगेत उभं राहणं आणि गार फरशीवर अनवाणी चालणं, दोन्ही उपचारानंतर नको. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर पन्हाळा, संध्याकाळी परत आल्यावर फक्त पायांचं मालीश, किंवा प्रश्न २३ मधला शेक. लागोपाठ दोन दिवस वाफ नको.

३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीच्या सुमारास अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं देवीपर्यंत पोहोचतात ती नेमकी संध्याकाळी, म्हणजे प्रश्न २ मधली दुसरी वेळ हातची जाते. त्या दिवसांत सकाळची वेळ घ्या आणि ती काही दिवस आधी ठरवा, शहर भरलेलं असतं.

२६. मालीशनंतर दुसऱ्या दिवशी अंग जास्तच दुखतंय. काही चुकलं का?

दाबल्यावर दुखणारे, आंबल्यासारखे स्नायू एक-दोन दिवसांत मोकळे होतात. कोमट पाण्याची अंघोळ, भरपूर पाणी आणि हलकं चालणं पुरे. दुखतं म्हणून पुन्हा जोराचं मालीश करून घेऊ नका.

बारीक पुरळ आणि खाज असेल तर तेल मानवलेलं नाही. धुऊन टाका, तेलाचं नाव लिहून ठेवा. भाजल्याचा फोड आला तर तो फोडू नका. भाजल्याबरोबर वीस मिनिटं नळाचं वाहतं गार पाणी धरायचं असतं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. लघवी कोकाकोलाच्या रंगाची झाली, मुंग्या आणि बधिरपणा वाढत गेला, छातीत धडधड थांबेना, किंवा एका पायाची सूज वाढली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि कोणता उपचार, किती वेळ, कोणत्या तेलानं घेतला, हे त्यांना सांगा.